वारा बघा जरा

बाबांच्या पट्ट्याला नवं भोक पडलेलं दिसलं, तेव्हाच मी ठरवलं की यंदाही तंबू घेऊन तळ्याकाठच्या तळावर जायचं. भोक दुकानातून पाडून आणलेलं नव्हतं. खिळा आणि हातोडी घेऊन त्यांनी घरीच पाडलं होतं, आणि तेही तिरकं. लिफ्ट दुरुस्त करताना दाराची फट केसाएवढी वाकडी असली तरी पुन्हा सगळं उघडून बसणारा हा माणूस. त्यानं तिरकं भोक पाडलं, आणि तसंच घालून फिरत होता.

आई गेल्यापासून बाबा जेवत नव्हते. अगदी उपाशी राहत होते असंही नाही. चहात टोस्ट बुडवून खायचे. मी डबा नेला की "ठेव, खातो" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी मला डबा स्वच्छ धुतलेला मिळायचा. शेजारणीचं मांजर मात्र त्या काळात चांगलंच अंगानं भरलं. डॉक्टर म्हणाले, औषध देण्यासारखं काही नाही, त्यांना जेवायला घाला. जसं काही मला ते सुचलंच नव्हतं.

"चव लागत नाही गं," बाबा म्हणायचे. "काहीही खाल्लं तरी कागद चावल्यासारखं वाटतं."

मग मी म्हटलं, "बाबा, तळावर जाऊ या. तुमचं घाल-त्यात करू या. भिंगरी लहान म्हणून आजवर घरीच राहिली, तिनं अजून खाल्लंच नाहीये."

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. चार वर्षांची आहे आणि एका जागी बसत नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती तेव्हा त्यांच्या टेबलाखाली स्क्रू गोळा करत होती.

"स्टोव्हची पिन शोधावी लागेल," ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

घाल-त्यात हे आमच्या घरातलं नाव आहे, दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आई कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. तिथली पातेली एवढी मोठी, की लहानपणी मला वाटायचं आईनं मला त्यात बसवून आंघोळ घालावी. वाफेनं भिंती सदा ओल्या, आणि तिच्या केसांवर ती जाळी. चव बघायची तिची रीत वेगळी होती. पळीतला थेंब तळहाताच्या कडेवर पाडायची, ओठ लावायची, आणि तिथूनच ओरडून सांगायची, काय कमी आहे ते. तिच्या जिभेला कुणी उलट बोलत नसे.

म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा तंबू घेऊन निघाले तेव्हा बाबांनी नियम केला. वर्षभर ही जगाला वाढते, तर सुट्टीत हिनं पळीला हात लावायचा नाही. स्वयंपाक मी करणार. आता बाबांना स्वयंपाकातलं काय येत होतं? बटाटे, गाजरं, कांदा चिरायचा, पातेल्यात टाकायचा, मूठभर तांदूळ सोडायचे, शेवटी वरून अंडी फोडायची. आई विचारायची, "आज काय बेत?" बाबा एकेक जिन्नस उचलून म्हणायचे, "हे घाल त्यात, ते घाल त्यात." तेच नाव पडलं.

आणि बाबा मीठ घालायचे नाहीत. दरवर्षी विसरायचे. त्यांच्या डब्यात सगळं असायचं, मिरपूड, आगपेटी, स्टोव्हची पिन, जास्तीची पिन, पिन हरवली तर म्हणून तिसरी पिन. मीठ तेवढं नसायचं. आईनं ते पहिल्याच वर्षी ओळखलं असणार, नुसत्या वाफेवरून. पण बोलणार कशी? एवढ्या हौसेनं बसलेला नवरा, त्याला काय सांगणार, की तुझ्या हाताला चव नाही? तिच्या स्वेटरच्या खिशात कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबी असायची. प्रवासात काकडीला लागतं म्हणून त्यात मीठ. स्वयंपाक होत आला की ती म्हणायची, "अहो, वारा बघा जरा कुठून येतोय. ज्योत हलतेय."

बाबा उठायचे. पळी कुणी हाताळू नये म्हणून ती बरोबर घेऊन जायचे. चार पावलं लांब जाऊन, बोट ओलं करून वर धरायचे, आमच्याकडे पाठ करून. एका हातात पळी, दुसऱ्याचं बोट आभाळात. तेवढ्यात आई डबीचं झाकण उघडायची, दोन झाकणं मीठ पातेल्यात, आणि पातेलं कडांना धरून एक हिसका. झालं. मी बघतेय असं दिसलं की एक डोळा मिटायची.

बाबा परत येऊन सांगायचे, "तळ्याकडून आहे." स्टोव्हभोवतीचा पत्र्याचा आडोसा जरा सरकवायचे. मग वाढायचे, आणि आमची तोंडं बघत बसायचे. "कसं झालंय?"

"तुमच्या हाताला चव आहे हो," आई म्हणायची, आणि बाबांचे कान लाल व्हायचे.

हे माझ्या लहानपणापासून दरवर्षी. शेवटी दवाखान्यात आईला बोलायला धाप लागायची, तेव्हाही एकदा तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, दागिन्यांचं काही सांगतेय. ती म्हणाली, "मिठाचं त्यांना कळू देऊ नकोस. फार मनाला लावून घेतील. तू घालत जा."

मी हो म्हटलं. स्वेटर आवरताना खिशात ती डबी सापडली. तळाशी थोडं मीठ होतं, ओल धरून घट्ट झालेलं. ते काही मी फेकलं नाही, त्यावरच नवीन भरलं.

भिंगरीचे बाबा त्या आठवड्यात रात्रपाळीला होते, त्यामुळे आम्ही तिघंच निघालो. बसमधून उतरल्यावर तळापर्यंत पायवाट आहे. बाबांच्या पाठीवर तंबू, माझ्या कडेवर भिंगरी, आणि स्टोव्हची पिशवी आम्ही दोघांनी एकेक बंद धरून नेली. पूर्वी ती आई आणि मी न्यायचो. यंदा बाबांनी आईच्या बाजूचा बंद धरला.

तळाच्या फाटकाशी राखणदार बसला होता. त्याच खुर्चीवर, मांडीवर तोच रेडिओ. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात हे त्याला पहिल्या वर्षी कळलं, तेव्हापासून तो दरवर्षी एकच विनोद करतो आणि दरवर्षी स्वतःच आधी हसतो.

"काय लिफ्टवाले, वर की खाली?"

बाबांचं उत्तरही ठरलेलं असतं. सध्या तळमजल्यावर. यंदा त्यांनी पाठीवरचा तंबू सावरला. मग म्हणाले, "मधेच अडकलीय."

राखणदार हसला. मग त्यानं आमच्या मागे पायवाटेकडे मान लांब करून पाहिलं. "वहिनी मागून येतायत का?"

"यंदा नाही," बाबा म्हणाले, आणि आत चालायला लागले.

मी राखणदाराकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, त्यानं रेडिओ बंद केला.

तंबू लावेपर्यंत ऊन उतरलं होतं. बाबांनी स्टोव्ह मांडला. त्याच्याभोवती आडोसा लावला. तो एका जुन्या लिफ्टच्या आतल्या पत्र्याचा आहे, बटणांची भोकं तशीच असलेला. भिंगरीनं लगेच एका भोकात बोट घातलं.

"कितव्या मजल्यावर जायचं, बाईसाहेब?" बाबांनी विचारलं.

"आज्जीच्या," भिंगरी म्हणाली.

बाबांनी पंप मारायला घेतला. तीनचार वेळा मारला, तरी ज्योत धरेना. त्यांनी पिन काढली, फिरवली, पुन्हा पंप. माझं सगळं लक्ष त्यांच्या हातांकडे. मनगटं एवढी बारीक झाली होती, की घड्याळ कोपराकडे घसरत होतं. शेवटी ज्योत निळी झाली आणि तो आवाज सुरू झाला, स्टोव्हचा, भुर्र असा एकसारखा. लहानपणी त्या आवाजावर मी झोपी जायचे.

"बटाटे कोण सोलणार?" बाबांनी विचारलं.

"मी," भिंगरी म्हणाली.

तिला सुरी न देता मी गाजरं धुवायला दिली. बाबा बटाटे सोलत होते. साल एकसंध निघाली पाहिजे असा त्यांचा आग्रह. एक लांब साल त्यांनी भिंगरीच्या गळ्यात घातली. मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, जमेल. आज एक वाटी जरी खाल्ली तरी जमलं.

पाणी उकळायला लागलं तशी भिंगरीनं चड्डी ओली केली. तळ्यात पाय सोडून बसल्यामुळे ती तशीही आधीच ओली झाली होती. मी तिला तंबूत नेऊन पुसलं, कपडे बदलले, डासांचं मलम लावलं. ती उड्या मारत होती, त्यामुळे अर्धं मलम माझ्याच बाहीला. बाहेर बाबांचा आवाज येत होता. स्वतःशीच बोलत होते, "हे घाल त्यात." मी तंबूच्या कापडाआड थांबले आणि ऐकत राहिले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पातेल्यावर वाफ धरली होती. बाबा पळी घेऊन उकिडवे बसले होते. अंडी फोडायची तेवढी राहिली होती. माझा हात खिशात गेला. मी आईचाच स्वेटर घातला होता, तो मला बाह्यांत थोडा आखूड होतो. डबी गरम झाली होती माझ्या अंगाच्या उबेनं.

"बाबा," मी म्हटलं, "वारा बघा जरा कुठून येतोय. ज्योत हलतेय."

म्हणताना आवाज नेहमीसारखा ठेवायचा मी फार प्रयत्न केला. बाबांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग स्वेटरकडे. काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांचे ओठ हललेही. पण ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पळी घेतली, चार पावलं गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बोट ओलं केलं. वर धरलं.

मी दोन झाकणं मीठ घातलं, आणि पातेल्याला हिसका दिला. भिंगरी बघत होती. मी एक डोळा मिटला. तिला अजून एक डोळा मिटता येत नाही, तिनं दोन्ही मिटले.

बाबा परत आले नाहीत लगेच. बराच वेळ तसेच उभे होते. मग येऊन म्हणाले, "तळ्याकडून आहे," आणि आडोसा सरकवला. मग अंडी फोडली. एका अंड्याचं कवच आत पडलं, ते त्यांनी पळीनं काढलं.

राखणदार त्याची वाटी घेऊन आला. आमचं घाल-त्यात झालं की पहिली वाटी त्याची असते, हेही दरवर्षीचंच. त्यानं उभ्यानंच एक घास घेतला. घास तोंडात तसाच राहिला. त्यानं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मोठ्या कष्टानं गिळला.

"झकास," तो म्हणाला. "मी... मी खोलीवर जाऊन सावकाश खातो." आणि जाता जाता आमची पाण्याची बाटलीही घेऊन गेला.

भिंगरीला असलं काही जमत नाही. तिनं चमचा तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला. "शी. खारट."

मी खाऊन पाहिलं. नुसतं मीठ. आईनं कधी एवढं घातलं नव्हतं, आणि मीही झाकणं दोनच घातली होती. मला काही कळेना. वर पाहिलं तर बाबा खात होते. मान खाली घालून, एकामागून एक चमचे, औषध घेतल्यासारखे.

"बाबा, नका खाऊ. फार खारट आहे."

"आहे खरं," ते म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. ती अर्धी रिकामी होती. "तुम्ही आत होतात तेव्हा मी घातलं. म्हटलं, आता ती नाही. आपणच घालायला हवं."

मी पुडीकडे बघत राहिले. बाजूला स्टोव्ह भुरभुरत होता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. खरंच विसरलो होतो तेव्हा. वारा बघायला उठण्याआधी एकदा चाखलं होतं, पाणीच नुसतं. वारा बघून आलो तर चव." ते हसल्यासारखे झाले. "बटण कुणी दाबल्याशिवाय लिफ्ट वर जात नाही, एवढं तर मला कळतं. दुसऱ्या वर्षी मुद्दाम मीठ नेलं नाही. पळीला हात लावू नको म्हणून तिला बसवलं खरं, पण तिला बसवत होतं का? हात नुसते शिवशिवायचे तिचे. म्हटलं, तेवढं एक तिच्यासाठी ठेवू."

"मग मघाशी बोलला का नाहीत? मी सांगितलं तेव्हा?"

"बोलणारच होतो. मीठ घातलंय म्हणून सांगणारच होतो." त्यांनी चमचा खाली ठेवला. "पण तू तसंच म्हणालीस गं. अगदी तसंच. माझे पाय निघाले. तिकडे तोंड करून उभा राहिलो आणि मागे झाकण उघडल्याचा आवाज आला. मग मला वळवेना."

भिंगरी त्यांच्या मांडीवर चढून बसली. बटाट्याची साल अजून तिच्या गळ्यात होती, वाळून वळलेली. बाबा तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बसले.

"म्हातारपणी सांगणार होतो तिला," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मोठी गंमत झाली असती. चिडली असती आधी. मग हसली असती. मी विचार करून ठेवला होता कसं सांगायचं ते. असंच तळावर, ती डबी काढेल तेव्हा एकदम मागे वळायचं." ते थांबले. "दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी."

 मी पातेलं ओढून घेतलं आणि उरलेले बटाटे सोलायला बसले. बटाटे घालायचे, पाणी वाढवायचं, पुन्हा उकळायचं, खारट झालं की आई तेच करायची. साल माझ्याकडून तुटत होती, बाबा काही म्हणाले नाहीत.

"तिला माहीत होतं का गं?" त्यांनी विचारलं. "की मला माहीत आहे ते?"

दवाखान्यातली आई माझ्यासमोर आली. कळू देऊ नकोस म्हणणारी. मी तिला शब्द दिला होता, पण आता त्या शब्दाचं करायचं काय?

"नाही बाबा," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही. मला सांगून गेली, मिठाचं त्यांना कळू देऊ नकोस, मनाला लावून घेतील. तू घालत जा म्हणाली."

बाबांनी भिंगरीला घट्ट धरलं. ती "आजोबा, दाढी टोचते" म्हणाली तरी सोडलं नाही. त्यांचे खांदे हलायला लागले. आई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते, लोकांना खुर्च्या देत फिरत होते.

"मग बरं झालं," मधेच ते म्हणाले. "कळलं नाही ना तिला. मग जमलं म्हणायचं मला."

वाढवलेलं घाल-त्यात शिजेपर्यंत भिंगरी पाव खाऊन झोपून गेली. आम्ही दोघं जेवलो. पातळ झालं होतं, तरी थोडं खारटच होतं. बाबांनी अर्धी वाटी घेतली आणि बाकीची ठेवून दिली. मी आग्रह केला नाही.

सकाळी मला स्टोव्हच्या आवाजानं जाग आली. बाबा अंडी तळत होते, सपाट तव्यावर, भिंगरीला आवडतात तशी पिवळं न फोडता. रात्रीची पुडी दगडाखाली दाबून ठेवलेली दिसत होती. तिला त्यांनी हात लावला नव्हता. राखणदार लांबून आमची बाटली भरून घेऊन येत होता.

"लिफ्टवाले, वहिनींची तब्येत आता—" त्यानं सुरुवात केली.

"ती गेली," बाबा म्हणाले. "काल सांगायचं राहिलं."

राखणदार बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग ती स्टोव्हजवळ ठेवून, बाबांच्या शेजारी जरा वेळ नुसता बसला, आणि उठून गेला.

बाबांनी अंडी ताटलीत काढली. माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मी जरा वारा बघून येतो," ते म्हणाले.

वारा नव्हताच. तळ्यावर एक सुरकुती नव्हती, धूर सरळ वर चालला होता. ते पळी घेऊन चार पावलं गेले. अंड्यांना पळी लागतच नाही, तरी घेऊन गेले. आमच्याकडे पाठ करून त्यांनी बोट ओलं केलं आणि वर धरलं.

मी डबीचं झाकण उघडलं. मग भिंगरीला जवळ ओढलं आणि तिच्या चिमटीत थोडं मीठ दिलं. तिनं ते अंड्यांवर सोडलं, थोडं गवतावर सांडलं, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटले.

"आजोबा काय करतायत?" तिनं हळूच विचारलं.

"वारा बघतायत."

ते फार वेळ उभे राहिले. हात खाली आला, तरी वळले नाहीत. मी हाक मारली नाही, भिंगरीलाही मारू दिली नाही. ते आले तेव्हा डोळे लाल होते आणि अंडी पार गार झाली होती.

"गरम करून देते," मी म्हटलं.

"राहू दे," ते म्हणाले, आणि ताटली मांडीवर घेऊन बसले. पहिला घास घेतला, चावला, थांबले. मग पुन्हा खायला लागले. गारच अंडी, सावकाश, ताटली रिकामी होईपर्यंत.